न भेटलेल्यांचं नाटक

गेल्या वर्षी मी एका नाटकात काम केलं. भूमिका हमालाची, संवाद एका शब्दाचा. नाटक इब्सेनचं, ‘अ डॉल्स हाउस’. पडदा वर जातो तेव्हा नोरा नाताळची खरेदी करून घरात शिरते. तिच्यामागे हमाल नाताळचं झाड घेऊन उभा असतो. ती विचारते, किती द्यायचे? तो मजुरी सांगतो. ती त्याहून जास्त देते, उरलेले तुलाच म्हणते, आणि हमाल जातो तो तीन अंक संपेपर्यंत परत फिरकत नाही. एके काळी हौशी रंगभूमीवर नायकाची कामं केलेल्या माणसाच्या वाट्याला ही भूमिका यावी, यावर घरात जे विनोद व्हायचे ते सगळे होऊन गेले.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. या नाटकातल्या बहुतेक नटांना मी पाहिलेलंच नाही. नोरा कॅनडात, तिचा नवरा टोरवाल्ड इंग्लंडमध्ये, तिला कर्ज देणारा क्रॉगस्टाड अमेरिकेतल्या कुठल्याशा गावी, रंगसूचना वाचणारे गृहस्थ ऑस्ट्रेलियात. नोराची मैत्रीण मिसेस लिंडे तेवढी आमची, म्हणजे आमच्या जुन्या नाटकमंडळीतली, लग्न होऊन भोपाळला गेलेली. प्रत्येकानं आपापल्या घरी, सवड होईल तेव्हा, फक्त आपली वाक्यं माइकसमोर म्हणायची आणि इंटरनेटवरून पाठवून द्यायची. मग एक जण बसून सगळ्यांची वाक्यं क्रमानं जोडतो. तालीम नाही, एकमेकांच्या डोळ्यांत पाहणं नाही, मध्यंतरातला चहासुद्धा नाही. तरी शेवटी नाटक तयार होतं आणि जगात कुणालाही ते फुकट ऐकता येतं.

ही पद्धत आमच्या गटानं शोधलेली नाही. ‘लिब्रिवॉक्स’ नावाचा उपक्रम मॉन्ट्रियलच्या ह्यू मॅग्वायर यांनी २००५ साली सुरू केला, तिथून ती रुळली. पहिलं पुस्तक होतं जोसेफ कॉनरॅडची ‘द सीक्रेट एजंट’ ही कादंबरी. वेगवेगळ्या लोकांनी तिची प्रकरणं वाटून घेऊन वाचली. पुढे पुस्तकांच्या जोडीला नाटकंही आली. अट एवढीच, की मूळ पुस्तकाचा स्वामित्वहक्क संपलेला हवा. वाचणाऱ्याला मानधन नाही, आवाजाची परीक्षा नाही, उच्चार अमुकच हवा असा आग्रह नाही. आकाशवाणीवर नाट्यकलाकार म्हणून ऑडिशन देताना ज्यांचे हातपाय थरथरले आहेत, त्यांना हे वाचून हेवा वाटेल. मला वाटला. आमचा गट या मोठ्या उपक्रमाच्या धर्तीवर चालणारा, पण अगदी छोटा.

मैत्रिणीनं हे सगळं मोठ्या उत्साहानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी पटकन बोलून गेलो, “अगं, पण याला नाटक कसं म्हणायचं? तू एकटीच कपाटात बसून बोलतेस.”

कपाटात हे शब्दशः खरं होतं. तिच्या सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. दिवसभर त्यांचं खाणंपिणं, औषधं, अंग पुसणं. रात्री साडेअकराला त्यांना झोप लागली, की ही बाई आतल्या खोलीत साड्यांचं कपाट उघडायची, दारांवर गोधडी टाकायची आणि त्या आडोशाला डोकं घालून वाचायची. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. पंखा बंद ठेवावा लागतो, नाही तर त्याची घरघर येते. भोपाळचा मे महिना, पंखा बंद, डोक्यावर गोधडी आणि तोंडी नॉर्वेतल्या हिवाळ्यातले संवाद!

“मग तूच एक काम घे आणि बघ,” ती म्हणाली. “हमाल अजून रिकामा आहे.”

माझा आक्षेप उगाच नव्हता. मुंबई आकाशवाणीच्या श्रुतिकांमध्ये मी मोजकीच, पण मन लावून कामं केली आहेत. त्या स्टुडिओत एका माइकभोवती आम्ही तिघं-चौघं दाटीनं उभे असायचो. हातातल्या कागदाची फडफड ऐकू जाऊ नये म्हणून वाचून झालेलं पान हळूच खाली सोडायचं. दुरून येणारं पात्र असेल तर चार पावलं मागे सरून बोलायला सुरुवात करायची आणि बोलत बोलत पुढे यायचं. समोरचा वाक्य संपवणार आहे हे त्याच्या खांद्यांवरून कळायचं. ‘प्रपंच’मधले टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत ज्यांनी रेडिओजवळ बसून ऐकले आहेत, त्यांना ते घर खरं का वाटायचं? माझं उत्तर असं होतं, की ती माणसं खरोखर एका खोलीत होती आणि एकमेकांचं ऐकून बोलत होती. अभिनय म्हणजे निम्मं बोलणं आणि निम्मं ऐकणं. ऐकायलाच कुणी नसेल तर उरलं काय?

हे मत घेऊनच मी हमालाचा शब्द म्हणायला बसलो.

एक शब्द म्हणायला किती वेळ लागावा? मला पाऊण तास लागला. कारण नोरानं ‘किती?’ कसं विचारलं हेच मला ठाऊक नव्हतं. ती घाईत होती का? खुशीत होती का? नाटकभर ती पैशांसाठी खोटं बोलत आली आहे. तेव्हा तिच्या आवाजात श्रीमंतीचा आव होता की नुसता सणाचा उत्साह? तिनं हसून विचारलं असेल तर हमालही थोडा खुलून बोलेल. तुटक विचारलं असेल तर तोही मान खाली घालून मजुरी सांगेल. रंगमंचावर असा विचार करावाच लागत नाही, समोरच्याचा सूर कानात शिरतो आणि आपला सूर आपोआप लागतो. इथे मी भिंतीला विचारत होतो, बाई, तुम्ही कसं विचारलंत? शेवटी मी तो शब्द नऊ वेळा म्हटला, त्यातले तीन पाठवले आणि लिहिलं, बघा कुठला बसतो.

नोराचं ध्वनिमुद्रण तोवर आलेलं नव्हतं. म्हणजे तिनं प्रश्न विचारायच्या आधीच मी उत्तर देऊन मोकळा झालो होतो. मी विजयी सुरात भोपाळला फोन लावला. ती म्हणाली, “थांब जरा.” आणि तिनं मला दोन फाइली पाठवल्या.

पहिल्या फाइलीत फक्त तिची, म्हणजे मिसेस लिंडेची, तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीची वाक्यं होती. प्रवेश असा: रात्रीची वेळ. नोरा आणि तिचा नवरा वरच्या मजल्यावर नाचाच्या समारंभाला गेलेले. खाली त्यांच्या बैठकीत मिसेस लिंडे थांबली आहे, आणि क्रॉगस्टाड येतो. एके काळी या दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं. आजारी आई आणि लहान भावंडं पोसायची म्हणून तिनं पैसेवाल्याशी लग्न केलं आणि याला सोडलं. आता दोघंही आयुष्यात मार खाऊन पुन्हा समोरासमोर आली आहेत. तिची वाक्यं एकामागून एक, मध्ये काही क्षणांची शांतता. शेजारच्या खोलीत कुणी ट्रंक कॉलवर बोलत असावं आणि आपल्याला एकच बाजू ऐकू यावी, तसं वाटत होतं. आवाज अगदी हळू. सासूबाई जागं होऊ नयेत म्हणून ती कुजबुजल्यासारखी बोलली होती.

“मला वाटलं, हे परत पाठवतील,” ती म्हणाली. “पण मग मी नाटक पुन्हा वाचलं. मिसेस लिंडे त्याला सांगते, की मोलकरणी झोपल्यात, घरात दुसरं कुणी नाही. मग ती हळूच बोलणार ना? माझं बरोबरच होतं, कारण चुकीचं असलं तरी.”

पंचाईत झाली ती क्रॉगस्टाडची. त्याची वाक्यं तीन आठवडे आधीच येऊन पडली होती, आणि तो बोलला होता खणखणीत, नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असा. दोन्ही आवाज जोडले तेव्हा ती देवघरात आणि तो रेल्वे फलाटावर, असं ऐकू येऊ लागलं. आता या मंडळींचा एक नियम आहे. जोडलेलं नाटक तपासून ऐकणारा निराळा स्वयंसेवक असतो. त्यानं कुठे वाक्य दोनदा आलं, कुठे शब्द सुटला, कुठे खरखर आहे एवढंच मिनिट आणि सेकंदासकट कळवायचं. अभिनयावर बोलायचं नाही. ज्यानं फुकट वेळ दिला त्याला ‘तुम्ही वाईट बोललात’ असं सांगायचं नाही. नियम माणुसकीचा आहे, पण त्यामुळे हा प्रवेश तसाच, देवघर आणि फलाटासारखा, लोकांपुढे जायला निघाला होता.

मग जोडकाम करणाऱ्या बाईंनी एक गोष्ट केली. क्रॉगस्टाडला त्यांनी काहीही सुचवलं नाही. नुसती मिसेस लिंडेची फाइल पाठवली, ‘सहज ऐका’ म्हणून. चार दिवसांनी त्या माणसानं आपली सगळी वाक्यं नव्यानं म्हणून पाठवली. या वेळी तोही हळू बोलला. तिच्या एका वाक्याच्या आधी आवंढा गिळल्यासारखा आवाज आहे. तो नक्की घामाचा आणि थकव्याचा असणार, पण त्यानं तो ऐकला आणि आपल्या पुढच्या वाक्याआधी तेवढाच थांबला. मैत्रिणीनं पाठवलेली दुसरी फाइल ही होती. ती ऐकल्यावर माझ्या विजयाचा फुगा बराचसा फुटला. त्या दोघांनी एकमेकांचं ऐकलं होतं. एकानं आधी आणि दुसऱ्यानं महिन्यानं, पण ऐकलं होतं.

त्या जोडणाऱ्या बाईंबद्दल आणखी सांगायला हवं, कारण ऐकणाऱ्याच्या लक्षात त्यांचं काम येतच नाही. समोरासमोर बोलताना आपण दुसऱ्याचं वाक्य संपल्यावर किती वेळानं बोलतो? जगातल्या दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. थोडाफार फरक सोडला तर सगळीकडे हे अंतर साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढंच, किंवा त्याहून कमी निघालं. म्हणजे आपण समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच उत्तराची तयारी केलेली असते. मग इंटरनेटवर सगळ्यांनी एकाच वेळी जमून का बोलू नये? कारण तिथे आवाज पोहोचायला उशीर होतो. एका बाजूनं दीडशे मिलिसेकंदांच्या वर उशीर नसावा असं दूरध्वनीच्या क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय शिफारस सांगते, आणि सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या खेळात तेवढाही उशीर पुष्कळ होतो. परदेशी असलेल्या मुलांशी बोलताना दोघं एकदम बोलतात आणि मग दोघंही ‘बोल, तू बोल’ करतात, हे घरोघरी चालतं. शिवाय प्रत्येक खोलीचा घुमारा वेगळा, ते निराळंच.

म्हणून हे अंतर हातानं घडवावं लागतं. संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक वाक्य म्हणजे एक नागमोडी पट्टी. ती पट्टी केसभर डावीकडे सरकवली तर क्रॉगस्टाड तिचं बोलणं तोडतो, केसभर उजवीकडे नेली तर तो विचारात पडतो. बाईंनी त्या एका प्रवेशावर तीन रात्री घालवल्या. पात्र किती वेळ गप्प राहिलं हे ज्या नाटकात नटानं ठरवलेलंच नाही, त्यातली शांतता कुणाची? निम्मी तरी त्या बाईंची म्हणायला हवी. आमच्या वेळी हे काम दिग्दर्शक आरडाओरडा करून करवून घ्यायचा. त्या कुणालाही न ओरडता करतात, कारण ओरडायला समोर कुणी नसतं.

आता दुसरी बाजूही सांगतो. नाहीतर मी मैत्रिणीची तळी उचलतो आहे असं व्हायचं.

याच नाटकाचा शेवटचा प्रवेश. नोरा नवऱ्याला टेबलाशी समोर बसवते. लग्नाला आठ वर्षं झाली आणि या आठ वर्षांत आपण दोघं एकदाही गंभीरपणे बोललो नाही, हे तिला त्याला सांगायचं आहे. १८७९ साली कोपनहेगनमध्ये हे नाटक प्रथम रंगमंचावर आलं आणि युरोपभर त्यावरून वाद पेटले ते याच प्रवेशामुळे. आमची नोरा उत्तम, आवाज स्वच्छ, उच्चार लख्ख. टोरवाल्डही उत्तम. पण दोघांनी एकमेकांची फाइल ऐकली नव्हती, ऐकायला वेळच नव्हता. तिचा आवाज वाक्यागणिक थंड होत जातो आणि त्याला त्याचा पत्ताच नाही. तो आपल्या ठरलेल्या रागानं बोलतो, मग ठरलेल्या करुणेनं बोलतो. ती जिथे थांबली तिथे तो दचकत नाही. दोन शेजारच्या खोल्यांत दोघं मोठ्यानं वाचत बसल्यासारखं वाटतं. कुणी म्हणेल, नाटकच अशा नवरा-बायकोचं आहे, बरोबर जमलं! ही पळवाट मला मान्य नाही. टोरवाल्डला ऐकू येत नाही हे दाखवायलासुद्धा नटाला आधी ऐकावं लागतं.

आणि तो शेवटचा दरवाजा! नोरा घर सोडून जाते आणि खालून दार आदळल्याचा आवाज येतो, नाट्यवाङ्मयातला हा बहुधा सर्वांत गाजलेला आवाज. पण वाचन शक्यतो साधं ठेवायचं, संगीत आणि इतर आवाज मिसळायचे नाहीत, असा आमच्या गटाचा रिवाज. त्यामुळे आमच्या नाटकात दार आदळत नाही. ऑस्ट्रेलियातले गृहस्थ ते आदळल्याचं शांतपणे वाचून सांगतात. मला हसू आलं. मैत्रिणीला राग आला, माझ्या हसण्याचा.

व्यावसायिक मंडळींची कथा काय? बीबीसीवर ‘द आर्चर्स’ ही खेड्यातल्या शेतकरी कुटुंबांची मालिका १ जानेवारी १९५१ पासून चालू आहे. करोनाच्या टाळेबंदीत बर्मिंगहॅमच्या स्टुडिओत नटांना एकत्र आणता येईना. घरोघरी माइक पोहोचवले, तंत्रज्ञ मदतीला होते. पण २५ मे २०२० पासून नवे भाग सुरू झाले तेव्हा ते निराळ्या घडणीचे होते. एकेक पात्र आपल्या मनातलं बोलत होतं. त्यांनी घरी बसून हुबेहूब पूर्वीसारखी भांडणं आणि गप्पा रचण्याऐवजी लिखाणच बदललं. साधनं, पैसा आणि सत्तर वर्षांचा अनुभव असलेल्या लोकांनी जे टाळलं, ते ही फुकट काम करणारी माणसं कपाटात बसून करू पाहतात. याला धाडस म्हणावं की अज्ञान, हे मी अजून ठरवलेलं नाही. सिनेमाच्या द्वंद्वगीतात हल्ली दोघं वेगवेगळ्या दिवशी येऊन गाऊन जातात हे खरं, पण त्यांना निदान ठेका आणि वाद्यमेळ कानाशी असतो. इथे तोही नाही.

हे सगळं मी मैत्रिणीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुला खोकल्याची गोष्ट सांगायची राहिली.”

पहिल्या अंकाच्या तिच्या फाइलीत एका ठिकाणी पलीकडच्या खोलीतून सासूबाईंचा खोकला आला होता. तपासणाऱ्याची टीप आली: अमुक मिनिटाला खोकला, ते वाक्य पुन्हा म्हणावं. हिला फार लाजल्यासारखं झालं. तिनं उत्तरात लिहिलं, क्षमा असावी, घरात आजारी माणूस आहे. दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्याचा निरोप: वाक्याची घाई नाही, त्यांची तब्येत कशी आहे? त्यानंतर दर टीपेच्या शेवटी तो हे विचारू लागला. पुढे पावसाळ्यात सासूबाईंना न्यूमोनिया झाला, सव्वा महिना रुग्णालयात काढावा लागला. तिसरा अंक हिचा राहिलाच. गटात भूमिकेला मुदत असते. मुदत टळली की भूमिका दुसऱ्याला देतात, कारण पुष्कळ लोक हौसेनं भूमिका घेतात आणि गायब होतात. हिनं आपण होऊनच कळवलं, की काम दुसऱ्या कुणाला द्या. समन्वयकांचं उत्तर आलं: मिसेस लिंडे थांबेल.

आणि ती थांबली. कॅनडा, इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, सगळे तीन महिने थांबले.

इथे मला बोलायला जागा नव्हती. कारण तीस वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत हीच बाई नायिकेचं काम करत होती. प्रयोगाला बारा दिवस उरले असताना तिच्या धाकट्याला गोवर निघाला आणि ती चार तालमी चुकली. पाचव्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या जागी दुसरी मुलगी उभी होती. तिला आधी सांगायचं काम माझ्याकडे दिलेलं होतं. मी सांगितलं नव्हतं. ती दारातूनच परत गेली, आणि त्यानंतर रंगमंचावर चढली नाही. आम्ही सगळे एका सभागृहात, एका छताखाली, रोज संध्याकाळी तीन तास एकत्र होतो.

आमच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल, की आमच्याकडे तारीख होती. नाट्यगृहाचं भाडं भरलेलं होतं, तिकिटं गेली होती. या लोकांकडे तारीख नाही. तारीख नसलेल्यांना थांबणं सोपं जातं, आणि त्याची किंमतही ते मोजतात. एखादं पात्र येतच नाही म्हणून वर्षानुवर्षं अर्धी पडलेली नाटकं या जगात असतात. मैत्रिणीनं वाचलेल्या दुसऱ्या एका नाटकाचा नायक अजून मिळालेला नाही. ती नायिका दीड वर्ष त्याच्याशी बोलून बसली आहे. मी हा मुद्दा तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, “तेही खरं.” बाकी त्या जुन्या गोष्टीबद्दल आम्ही दोघंही पहिल्यांदाच बोललो होतो, तेव्हा वाद पुढे गेला नाही.

आता तिच्या डोक्यात मराठी नाटक आहे. ‘डॉल्स हाउस’ अनंत काणेकरांनी ‘घरकुल’ या नावानं मराठीत आणलं होतं. तेच करू, असं ती म्हणत होती. पण आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो आणि काणेकर १९८० साली गेले, म्हणजे २०४० सरेपर्यंत परवानगीशिवाय ते घेता येणार नाही. देवल १९१६ साली गेले, गडकरी १९१९ साली, त्यांची नाटकं मोकळी आहेत. ‘एकच प्याला’तली सिंधू तिला करायची आहे. पदांचं काय करायचं हा प्रश्न आहे. तबला एका गावी आणि गळा दुसऱ्या गावी, हे मला झेपणारं नाही असं मी स्पष्ट सांगून टाकलं. पदं वगळून संवादच करू, असं सध्या ठरतं आहे. इंदूर आणि बडोद्याचे दोघं तयार झाले आहेत. सुधाकर अजून कुणी नाही. मी एक अट घातली आहे, की सिंधू आणि सुधाकर यांनी एकमेकांच्या फाइली ऐकून प्रत्येक प्रवेश दोनदा म्हणायचा. पहिल्यांदा म्हटलेला टाकून द्यायचा. तिनं ती मान्य केली, ‘पहिला सासूबाईंना ऐकवीन’ म्हणाली. सासूबाई हल्ली उशाशी बसवून हिचं इंग्रजी नाटकही ऐकतात. शब्द कळत नाहीत, पण मिसेस लिंडे बोलू लागली की हात वर करतात.

गेल्या महिन्यात ‘डॉल्स हाउस’ पुरं झालं. सुरुवातीलाच पात्रपरिचय आहे. प्रत्येकानं आपल्या पात्राचं आणि स्वतःचं नाव आपल्याच आवाजात सांगितलं आहे, त्यात माझंही आहे. मी रात्री दिवा मालवून ऐकायला बसलो. नोरा घरात शिरली, गुणगुणत. तिनं विचारलं ते खुशीत, थोडं धापा टाकत. आणि माझ्या तीन शब्दांपैकी बाईंनी निवडला होता तो तिसरा, अगदी कंटाळून म्हटलेला, जो मी पाठवणारच नव्हतो. त्यावर नोरा किंचित हसते आणि जास्तीचे पैसे देते. ते हसू तिनं मला न ऐकताच हसलेलं, पण असं वाटतं, की या दमलेल्या माणसाकडे पाहूनच तिला जास्त द्यावेसे वाटले.

मी लगेच भोपाळला फोन केला. साडेअकरा वाजून गेले होते, ती हळू आवाजातच बोलली.

“ऐकलास? तुझा हमाल फार थकलेला वाटतो.”

“झाड वाहून आणलंय त्यानं,” मी म्हटलं.

“मग सुधाकर करशील का?” ती म्हणाली. “विचार करून सांग. घाई नाही.”